चकचकीत बर्नर, पिवळी ज्योत

बर्नर तर आरशासारखा लखलखत होता, मग ज्योत पिवळी का? शाल्मलीला काही केल्या कळेना. निम्मी भोकं पेटत होती, उरलेली नुसतीच फुसफुसत होती. जाळीवरच्या वांग्याला काजळी धरली होती आणि आतून ते कच्चंच होतं.

आणि हे नेमकं आजच व्हायचं होतं! संध्याकाळी आत्या येणार होती, एका मुक्कामापुरती. उद्या ती मंगळाला निघणार, ते थेट सात वर्षांसाठी. तिने एकच मागणं केलं होतं : जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. जळगावात आता घरोघरी विजेच्या शेगड्या. गॅसची ग्रिल उरली होती ती फक्त आप्पांच्या अंगणात. आप्पा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, नावाजलेले ज्वलनशास्त्रज्ञ (आग कशी जळते याचा अभ्यास करणारे). वय वर्षं एक्क्याऐंशी. सात वर्षांनी ते किती वर्षांचे असतील, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आप्पांनी आधी सिलिंडर बंद केला. "बर्नर कोणी घासला?"

"मी!" घरकामाचा यंत्रमानव गुंड्या ऐटीत म्हणाला. "पितळ दिसलं. पितळेला चिंच आणि मीठ. तुमच्या आईंच्या वहीत तसंच लिहिलंय."

आप्पा खो खो हसले. "अरे शहाण्या, हा काय देवघरातला तांब्या आहे?"

बर्नर गार झाल्यावर त्यांनी तो शाल्मलीच्या हातात दिला. "उजेडासमोर धर. काय दिसतं?"

"निम्मी भोकं बुजलीत, आप्पा. आत चिंचेचा कोळ वाळलाय."

"आता ऐक. नॉझलमधून (गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडातून) गॅस जोरात सुटतो आणि जाता जाता नळीच्या बाजूला असलेल्या छोट्या खिडकीतून हवा ओढून घेतो. नळीत दोघं मिसळतात, मग भोकांतून बाहेर पडतात. हवा पुरेशी असली की गॅस पुरता जळतो आणि ज्योत निळी दिसते. पण पुढची वाटच अडली तर?"

शाल्मलीने क्षणभर विचार केला. "मग हवा आत कमी येणार!"

"शाब्बास! मग कार्बनचे कण (कोळशाची अगदी बारीक पूड) पुरते जळत नाहीत, नुसते तापून चमकतात. तोच हा पिवळा रंग, आणि तीच ही काजळी."

गुंड्या लगेच काडी घेऊन सरसावला. आप्पांनी त्याला थांबवलं, कारण काडी आत मोडली तर पंचाईत. शाल्मलीने बारीक तारेने एकेक भोक हलकेच मोकळं केलं, ते मोठं होऊ न देता. मग बर्नर गरम पाण्याने धुतला, उलटा करून झटकला आणि उन्हात खडखडीत वाळवला.

"तुझी आत्या चार वर्षांची होती," वाळणाऱ्या बर्नरकडे बघत आप्पा म्हणाले, "वांगं भाजायला ठेवलं की इथे पाट घेऊन बसायची. कितीही हाका मारा, उठायची म्हणून नाही."

गॅस पेटवला, तर निळ्या ज्योतींची सरळ रांग उभी राहिली.

आत्या आली ती अंगणातच मांडी घालून बसली. तिने दोनदा भरीत वाढून घेतलं. तिसऱ्यांदा ताट पुढे करत म्हणाली, "आप्पा, परत आले की मला हेच हवंय."

आप्पांनी डोळे पुसले. धूर लागला म्हणायचीही सोय नव्हती.

"करू की," शाल्मली म्हणाली. "तेव्हा मी अठरा वर्षांची असेन. बर्नर मी बघते. आप्पांनी बसल्या जागेवरून फक्त वांगी निवडून द्यायची."

"अगं, म्हणजे मला थांबायलाच हवं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी आपलंही ताट पुढे केलं.