डॅशबोर्डमागची कवळी

शेवटचा स्क्रू निघाला, सुनेत्राने डॅशबोर्ड पुढे ओढला आणि आतून असा भपकारा आला की तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

सकाळपासून ती या जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये घुसली होती. सीट काढली, दारांचे पॅड काढले, छताचं लायनिंग ओरबाडून काढलं. तरी वास हटेना. लालबागमध्ये बावीस वर्षं ती गाड्यांची सीटकव्हरं आणि लायनिंग करत होती. मासळीच्या टेम्पोत हात घातले होते, ओकाऱ्या झालेल्या टॅक्स्या धुतल्या होत्या. पण हे काहीतरी निराळं होतं.

ट्रकचा मालक, मिरचीचा व्यापारी विनीत सामंत सकाळी गाडी लावून गेला होता. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा.

"आतलं सगळं फाडून फेका, ताई. काही ठेवू नका," तो म्हणाला होता. "त्या बोळक्याने वीस वर्षं चालवली. त्याचाच वास आहे सगळा."

बोळका म्हणजे ड्रायव्हर धोंडू घाडी. सुनेत्राने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण गोष्ट माहीत होती. तीन आठवड्यांपूर्वी तो बेडगी मिरचीची पोती घेऊन पळाला आणि रिकामा ट्रक माहीमला सोडून गेला, असं अख्खं लालबाग बोलत होतं.

नाकाला ओढणी बांधून तिने आत बॅटरी मारली.

वायरींच्या जंजाळात उंदरांनी घर केलं होतं. फोमचे तुकडे, बुरशी आलेली मिरचीची देठं-सालं, लेंड्या, आणि मधोमध चार मेलेली पिल्लं, अळ्यांनी वळवळणारी. हातमोजा चढवून ती तो लगदा उपसू लागली. बोटांना काहीतरी कडक लागलं. तिने ते बाहेर काढलं.

गुलाबी हिरड्या. त्यावर ओळीने पांढरेशुभ्र दात. कडेने उंदरांनी कुरतडलेली कवळी. पुन्हा हात घातला तर खालचीही निघाली.

सुनेत्रा पायरीवर बसली. हातमोजा फाटला होता, म्हणून ती नळाखाली हात धुवायला गेली आणि बघतच राहिली. बोटांना चिकटलेल्या मिरचीच्या सालीतून पाण्यात लालभडक रंग उतरत होता. खऱ्या मिरचीने हात झोंबतात. पाणी असं रंगत नाही.

सकाळी काढलेल्या सामानाचा ढीग अजून तिथेच होता. ड्रायव्हरशेजारच्या सीटचं रेक्झिन फिनेलने घासलेलं होतं, आणि आतल्या फोमवर मोठा काळपट डाग होता. सकाळी तो तिला पानाचा वाटला होता.

तिने दुकानाचं शटर ओढलं.

धोंडूची बायको अंबिका दोन गल्ल्या पलीकडच्या चाळीत राहत होती. दार अर्धवटच उघडलं. "चोराच्या घराक कित्याक इलात?"

सुनेत्राने रुमाल उलगडला. अंबिकाने चौकट घट्ट धरली.

"त्यांचेच," ती म्हणाली. "चार वर्सां झाली, सगळे दात गेले. पण कोणाक कळता नये. मोरीत दार लावून धुवायचे. मी पण त्यांका तसा कधी बघूक नाय."

"त्यांच्याबरोबर ट्रकवर असणाऱ्या क्लीनर मनूला माहीत होतं?"

"मनूक? शेजारी बसान जेवायचो, तेका पण नाय."

"मग हे पोलिसांना सांगायला हवं. चला."

चौकीत उपनिरीक्षक राजरत्न कवळीकडे पाहून खुर्चीत मागे सरकला.

"साहेब, पळून जाणारा माणूस कपडे विसरेल," सुनेत्रा म्हणाली. "दात विसरेल?"

"विनीत सामंतांचा संशय मनूवर आहे. दोघांनी मिळून माल उडवला, म्हणतात."

मनूला बोलावलं. पन्नाशीचा, ठेंगणा, घाबरलेला.

"त्या दिवशी कुठे होतास?"

"देवगडला साहेब, बहिणीच्या वर्षश्राद्धाला. अख्खी वाडी सांगेल."

"धोंडूचं कोणाशी वाकडं होतं?"

"मालकाशी जरा वाजलेलं. कशावरून ते नाही बोलला. म्हणाला, तू ये गावाहून, मग सांगतो."

"दिसायला कसा होता?" सुनेत्राने मध्येच विचारलं.

"तब्येतीने कडक. आणि दात काय होते, ताई. जाहिरातीतल्यासारखे. मला रोज म्हणायचा, मशेरी सोड, माझे बघ."

सुनेत्रा राजरत्नकडे वळली. "तुम्ही कोणाला शोधताय, साहेब?"

"लायसन्सवरचा फोटो, वय अठ्ठावन्न, दात शाबूत."

"मग तो सापडणार कसा? बोळका, पंचाहत्तरीचा वाटेल असा बेवारस म्हातारा शोधा. माहीमपासून सुरुवात करा."

दोन तासांनी फोन आला. तीन आठवड्यांपूर्वी खाडीकाठच्या चिखलातून उचललेला एक अनोळखी वृद्ध महापालिकेच्या इस्पितळात होता. डोक्याला मार. वाचा गेलेली. कागदावर वय पंचाहत्तर.

अंबिका वॉर्डात शिरली तेव्हा खाटेवरच्या माणसाने आधी हाताने तोंड झाकलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. ती त्याच्या पायाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी विनीत चौकीत आला. "सापडला का चोर?"

"शेवटचं कधी पाहिलं त्याला?" राजरत्नने विचारलं.

"मंगळवारी दुपारी, गोडाऊनवर. पोती भरली आणि गेला."

"तुम्ही ट्रकमध्ये बसला होता?"

"छे. वर्षभरात पाय नाही ठेवला."

"कसा दिसत होता?"

"नेहमीसारखाच."

"दात होते?" सुनेत्राने विचारलं.

"म्हणजे काय? होतेच की."

"मग काल तुम्ही त्याला बोळका का म्हणालात?"

विनीतने दाराकडे पाहिलं.

सुनेत्रा शांतपणे बोलू लागली. "धोंडूचं बोळकं तोंड बायकोनेही पाहिलं नव्हतं. वीस वर्षं सोबत असलेल्या मनूने नाही. ते एकाच माणसाला दिसलं असणार, ज्याच्या समोर ती कवळी तोंडातून उडाली. तुमची मिरची बुरशी लागलेली, टाकून दिलेली. तिला रंग फासून तुम्ही लालबागच्या मसाला कुटायच्या डंकांवर घालत होता. धोंडूला ते कळलं, त्यावरूनच तुमचं वाजलं. तो डंकवाल्यांना सांगणार होता. त्याला समजवायला तुम्ही त्याच्या शेजारी बसलात, आणि तो ऐकेना तेव्हा हाणलंत. कशाने?"

"हे सगळं मनूने..."

"मनू देवगडला होता," राजरत्न म्हणाला. "वाडीतल्या नऊ जणांचे जबाब आलेत. फोमवरचं रक्त तपासायला गेलंय. तुमच्या गोडाऊनमधून रंगाचे डबेही उचललेत."

"शुद्ध हरपलेल्या माणसाला शेजारच्या सीटवर टाकून तुम्ही माहीमला गेलात," सुनेत्रा पुढे म्हणाली. "त्याला चिखलात ढकललंत. माल आधीच उतरवलेला होता, म्हणून चोरीची तक्रार जमली. दात कुठे पडले ते अंधारात दिसलं नाही. ते उंदरांनी नेले. रक्ताचा डाग निघेना, म्हणून सगळं फाडायला माझ्याकडे आलात."

"मी घाबरलो होतो," विनीत पुटपुटला. "जॅकचा दांडा हाताशी होता. मला वाटलं, मेला."

"तो जिवंत आहे," राजरत्न म्हणाला.

विनीतच्या चेहऱ्यावर सुटकेची रेषसुद्धा उमटली नाही. उमटली ती भीती, आणि मग उघड चीड. सुनेत्राला त्याच्याकडे बघवेना. त्या अळ्यांना निदान आपण काय करतोय ते कळत नव्हतं. हा माणूस धोंडूला चिखलात टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात जाऊन, चाळ गोळा करून, अंबिकाला चोराची बायको म्हणाला होता.

बेड्या घालून त्याला बाहेर आणलं तेव्हा अंबिका बाकावर बसली होती. त्याने हात जोडले. "वहिनी..."

"माका वहिनी म्हणू नको," ती म्हणाली. "साहेब, ह्येका आमच्या चाळीत न्या. प्रत्येक दारात ह्येच्या तोंडान सांगूक लावा."

"तसं करता येत नाही, मावशी."

अंबिका पदर खांद्यावर घेऊन उठली.

संध्याकाळी चाळीत दिवे लागले. तळमजल्याच्या पहिल्या खोलीसमोर ती उभी राहिली. तीन आठवडे या दाराने तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तिने कडी वाजवली.

"माझो घोव चोर नाय," दार उघडल्यावर ती म्हणाली. "बस, ऐक. सगळा सांगतंय."

वर अजून तीन मजले होते.