न वापरलेलं नाव

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर राहू द्या. जे घडलं ते तुमची परवानगी घ्यायला थांबलं नव्हतं.

रात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती. वीजही गेली नव्हती.

अंधाराशिवाय ज्यांना भूत दिसत नाही, त्यांनी इथूनच माघारी फिरावं.

भरदुपार होती. चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याची, म्हणजे भुतांच्या महिन्याची पौर्णिमा. शिन्चू शहरातल्या सायन्स पार्कमधली एक कंपनी, तिचा पाचवा मजला.

लो च्युन-यी तिथे डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर बसायचा, आणि त्या टेबलाचा त्याला मनापासून तिटकारा होता.

त्याला कंपायलरच्या टीममध्ये जायचं होतं. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. ढळढळीत चूक दिसली की तो अडून बसतो. नुसता संशय आला तर इशारा देतो आणि पुढे जातो. ही कंपनी तो कंपायलर बनवायची. बनवणारे काचेच्या आत बसत. लो काचेच्या बाहेर बसून त्या इशाऱ्यांची माहितीपानं सांभाळायचा. आत बसलेल्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, याबद्दल त्याला शंका नव्हती.

टीमचे प्रमुख पेंग साहेब. त्यांनी अट घातली होती.

"सगळी उदाहरणं दुरुस्त कर. ज्या पानावर जो इशारा, तोच त्या उदाहरणातून आला पाहिजे. दुसरा नको, जास्तीचा नको. एकूण एक पान जुळलं की तुझी खुर्ची आत."

म्हणजे दुरुस्ती उलटी होती. कोड बिघडलेलाच हवा होता, पण नेमका एकाच जागी.

ही पानं आधी फू गुओ-आन लिहायचा. वसंतात तो गेला. जेवणानंतर रोजच्या डुलकीसाठी दिवे मंद झाले, सगळ्यांनी टेबलावर डोकी टेकली, त्यानेही टेकली. सगळे उठले. तो उठला नाही. कितीतरी वेळ लोकांना वाटलं, आज झोप जरा लांबली.

लोने त्यावर म्हटलं होतं, "मेलेला दुपारभर कुणाच्या लक्षात आला नाही. इतका कामाचा माणूस."

फूच्या एका उदाहरणातून तीन इशारे यायचे. दुसऱ्यातून एकही नाही. तिसरं तर कंपायलर तोंडातच घ्यायचा नाही. लो एकेक उदाहरण ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. खाली लिहायचा, 'ज्याला धड चूकही करता येत नाही.'

लोक हसायचे. गेलेल्या माणसावर हसायला फार धाडस लागत नाही.

शेवटी एकच पान उरलं. सगळ्यात सोपं.

'न वापरलेलं नाव.'

कोडमध्ये एक नाव जाहीर करायचं, त्याला जागा द्यायची, आणि पुढे ते कुठेही वापरायचं नाही. कंपायलर कुरकुरतो. बस. फूने तिथे 'चहा' असं नाव ठेवलं होतं. सोबत नेहमीप्रमाणे बाकीचा घोळ.

लोने घोळ काढला. मग चहाही काढला. त्या जागी मृताचं अख्खं नाव घातलं.

फू गुओ-आन.

तेवढ्यात लिआओ ताई आल्या. त्या ऑफिसचा कारभार बघायच्या. कंपनीच्या दारात टेबलं मांडून झाली होती. नूडल्स, वेफर्स, बिअरचे डबे, प्रत्येकात खोचायला उदबत्त्या. भटकणाऱ्या आत्म्यांची पूजा. ताईंच्या हातात प्लास्टिकचा टब होता, खांद्यावर कोरा टॉवेल.

"लो, चल खाली. टब धर. पाहुण्यांना तोंड धुवायला लागतं."

"पाहुण्यांना म्हणावं, बाथरूम डावीकडे आहे."

"सगळे गेले. तू एकटाच राहिलास."

"अक्कल एकट्यालाच असते, ताई."

ताईंची नजर स्क्रीनवर गेली. "हे काय लिहिलंस?"

"उदाहरण. जाहीर केला, पण कुठे वापरला नाही. चपखल आहे की नाही?"

"या महिन्यात पूर्ण नावाने हाक मारत नाहीत. जित्याला नाही, मेल्याला तर नाहीच."

"मी कुठे हाक मारली? टाइप केलं."

"ऐकणाऱ्याला तेवढंच."

"त्याला जिवंतपणी तीनदा सांगूनही ऐकू यायचं नाही."

ताई हसल्या नाहीत. "नमस्कार नको करूस. नाव तेवढं पूस."

टब कमरेवर घेऊन त्या निघून गेल्या. लिफ्टचं दार लागलं.

मजला रिकामा झाला.

लोने उदाहरण चालवलं.

आणि...

काहीच आलं नाही.

कंपायलरने निमूट काम उरकलं. एकही इशारा नाही.

लोने सगळे इशारे दाखवण्याची सोय चालू केली. पुन्हा चालवलं.

काही नाही.

अशा वेळी कंपायलरच्या गप्प बसण्याचा अर्थ एकच असतो. हे नाव वापरात आहे.

चार ओळींचा कोड. लोने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. नाव एकाच जागी होतं. जाहीर केलं होतं तिथे. पुढे कुठेही नव्हतं.

मग वापरतंय कोण?

'कंपायलर बिघडला,' तो स्वतःशी म्हणाला. 'आत बसलेल्या गाढवांनी काहीतरी मोडलं.' त्याने शेजारचं पान चालवलं. त्याचा इशारा नेमका आला. आणखी एक पान. तिथलाही आला.

कंपायलर धडधाकट होता.

तेव्हा मागून आवाज आला...

कट्.

कलिंगडाची बी दातांखाली फुटते ना, तसा.

फू दिवसभर भाजलेल्या बिया फोडून खायचा. त्या आवाजासाठीच लोने हेडफोन घेतले होते. फूचं टेबल लोच्या पाठीमागे होतं. ते पुसून, आवरून, रिकामं करून ठेवलेलं होतं.

मागच्या टेबलावर बी फोडली.

इशारा: वरच्या वाक्याला कर्ता नाही.

लो वळला नाही. वळणं म्हणजे लिआओ ताईंना जिंकू देणं. त्याने फूचं नाव खोडलं आणि पुन्हा 'चहा' घातलं. इशारा नाही. 'खुर्ची' घातलं. इशारा नाही. 'छत्री', 'भात', 'माकड'. कशालाच इशारा नाही. जगातली सगळी नावं जणू कुणीतरी वापरायला काढली होती.

कट्...

बोटं चिडली की सवयीचं तेच लिहितात. रोज सकाळी संगणक उघडताना लिहितात ते.

इशारा: 'लो च्युन-यी' जाहीर केला आहे, पण कुठेही वापरलेला नाही.

एवढा वेळ ज्याची वाट पाहिली तो इशारा हाच. पण लोला आनंद झाला नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

आपण अंधारात बसलो आहोत.

खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, आणि त्या मजल्यावरचे दिवे माणसाच्या हालचालीवर चालतात. कुणी हललं तर लागतात, कुणी नसलं की विझतात. सगळे खाली गेले तसे दिवे एकेक करून विझत गेले होते. ते ठीकच. पण लो इतका वेळ टाइप करत होता. खुर्ची सरकवत होता. मान हलवत होता.

त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद होता.

त्याने हात हलवला. दिवा लागला नाही. उभा राहिला. दोन्ही हात वर केले. नाही.

आणि उभा राहिला तेव्हा वळावंच लागलं.

सबंध मजल्यावर एकच दिवा चालू होता...

फूच्या टेबलावरचा.

लिफ्टचं दार उघडलं. हसत-खिदळत सगळे आत आले, हातात प्रसादाचे वेफर्स. दिवे भराभर लागले. लोच्या डोक्यावरचाही लागला.

ते आले म्हणून.

"काय रे, उरकलं?" पेंग साहेबांनी विचारलं. अंगाला उदबत्तीचा वास येत होता.

"एक पान राहिलंय, सर."

"कुठलं? न वापरलेलं नाव? ते तर कालचा पोरगाही करेल." ते वाकले. "हा काय, आलाय की इशारा. आणि हे काय, स्वतःचंच नाव? वा. नम्रता शिकलास."

कुणीतरी फसकन हसलं.

"नाही सर, ते तात्पुरतं होतं. दुसऱ्या नावाला येत नाहीये."

"कसा येत नाही?" साहेबांनी उभ्याउभ्याच स्वतःचं नाव टाइप केलं. चालवलं. इशारा आला नाही. साहेब खूश झाले. "बघा. आम्ही वापरात आहोत."

सगळे हसले. साहेबांनी पुन्हा लोचं नाव घातलं. इशारा आला. आणखी हशा.

"आत्ता याच्या मागे कोण लागणार? कंपायलर आपण नंतर बघू. हेच पान लाव. जगभरचे लोक वाचतील तुझं नाव."

लिआओ ताई दाराशी उभ्या होत्या, टब रिकामा. "साहेब, नाव बदला ना," त्या म्हणाल्या.

"का?"

ताईंनी लोकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं.

"लो, तुझी काही हरकत?"

एक 'हो' पुरला असता.

पण त्या 'हो'मागून 'का' आला असता. आणि 'का'चं उत्तर त्याला या सगळ्यांसमोर द्यावं लागलं असतं. उदबत्त्या लावणाऱ्यांसमोर. वेफर्स खाणाऱ्यांसमोर. महिनाभर ज्यांना त्याने अडाणी म्हटलं, त्यांच्यासमोर. वर खुर्चीचंही होतं. पान अडलं की खुर्ची अडली.

"हरकत कसली, सर? नाव म्हणजे नुसती अक्षरं."

साहेबांनी बटण दाबलं. पान जगाला दिसू लागलं.

कट्...

सगळे बोलत होते. त्यामुळे ऐकू आलं नसेल कुणाला.

ठरल्याप्रमाणे त्याला काचेच्या आत खुर्ची मिळाली. टीमने कंपायलरचा तो भाग उसवून तपासला, दोष सापडला नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकांनी कुठलंही नाव घातलं तरी त्यांना इशारा बरोबर येतो. पाचव्या मजल्यावर मात्र तो एकाच नावाला येतो. लोकांना याची सवय झाली. लोकांना कशाचीही होते.

लो बदलला. टोमणे थांबले. दुसऱ्यांची कामं मागून घेऊ लागला. पुढच्या वर्षी सातव्या महिन्यात टब त्यानेच उचलला, कुणी न सांगता. आणि रोज सकाळी पहिल्यांदा तेच उदाहरण चालवून बघतो. एखाद्या दिवशी तरी कंपायलर गप्प बसेल, या आशेने.

मध्यंतरी टीममधल्या एका मुलीचा कोड अडला होता. लो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. जेवायला गेला नाही. दोष शोधला, दुरुस्त केला, तिला समजावूनही दिला.

साहेबांनी तिला विचारलं, "कसं जमलं?"

लो शेजारीच बसलेला होता.

ती म्हणाली, "काय माहीत, सर. आपोआप सुटलं."

ही गोष्ट लोनेच मला सांगितली. लिहिताना नाव बदलू का, असं विचारलं. नेहमी विचारतात तसं. तर त्याने माझा हात धरला. हात गार होता, पण एसीत सगळ्यांचेच असतात.

"बदलू नकोस," तो म्हणाला. "उलट जितक्या वेळा घालता येईल तितक्या वेळा घाल."

घातलं आहे. लो. लो च्युन-यी. मोजून बघू नका, पण कमी नाही घातलं.

लिहून झाल्यावर त्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखं उदाहरण चालवलं असणार.

काय आलं, ते त्याने कळवलं नाही.

आणि मी अजून विचारलेलं नाही.