सुतकातल्या हातची भाकरी

“वन्सं, सिंधूकडं न्यायला काय करायचं हो? पिठलं-भाकरी, की नुसता वरण-भात?”

वत्सलाबाईंनी अगदी सहज विचारलं… आणि परात पुढ्यात घेऊन बसलेल्या नवसाबाईच्या मुठीतलं पीठ तसंच गळून खाली पडलं. सहज! दुःखात बुडालेल्या घरी काय न्यायचं, एवढाच भावजयीचा प्रश्न. पण ते घर नवसाबाईचं होतं, जो गेला तो तिचा लग्नाचा नवरा होता, आणि जिच्यासाठी हा कडू घास रांधायचा ती तिची पाठची बहीण होती… आणि सवतही!

सुतकातल्या बाईला कुणी चुलीला शिवू देत नाही, दहा दिवस तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. आणि पंचवटीतल्या या मळ्यात काल संध्याकाळपासून सगळं घर नवसाबाईच्याच हातचं जेवत होतं. म्हणजे तिला सुतकच नाही! म्हणजे सावळीरामाची ती कुणीच नाही… असंच ना? काल सकाळी बाजाराला म्हणून गेलेला कारभारी, तिचा थोरला भाऊ, दिवेलागणीला ओल्या धोतरानं परतला आणि पायरीवरूनच म्हणाला, “नवसे, सावळीराम गेला. झालं सगळं. अग्नी देऊनच आलो.” बस्स! ना कुणी तिला जवळ घेतलं, ना कुणी तिच्यासाठी टिपूस गाळलं. परसात जाऊन तिनं आपल्या हातानं आपलं कुंकू पुसलं, धुण्याच्या दगडावर बांगड्या फोडल्या, आणि आत येऊन भाकऱ्या थापल्या. अहो, दारातलं कुत्रं मेलं तरी माणूस घडीभर गप्प बसतं!

आठ वर्षं झाली होती. लोक जंगल सत्याग्रहात तुरुंगात जात होते, त्या सालची गोष्ट. नवसाबाई दुखणं काढायला गिरणाऱ्याच्या सासरहून माहेरी आलेली, अंगात ताप, कूस रिकामी… आणि इकडं ती अंथरुणाला खिळलेली असताना तिकडं सावळीरामानं दुसरा घरोबा केला, तोही सिंधूशी! ज्या सिंधूला तिनं आईमागं कडेवर वाढवलं, त्याच सिंधूशी! “पोरीनंच हट्ट धरला गं, मी तरी काय करू?” असं कारभारी म्हणाला, आणि तो घाव काळजात घेऊन नवसाबाई भावाच्या चुलीला जी जखडली ती कायमची.

“वन्सं, बोला ना. काय करू?”

क्षणभर तिच्या मनात आलं, गुळाची लापशी करावी! भरल्या सुतकात गोड नेऊन ठेवावं त्या सिंधूपुढं, आणि म्हणावं, खा, तू माझा संसार खाल्लास तसंच हेही खा!… तिचा हात गुळाच्या मडक्यापर्यंत गेलासुद्धा. पण मेले हात कुणाचे ऐकतात? त्यांनी कुळथाचं पीठ काढलं. फोडणी नाही, हळद नाही, असं रीतीचं पिठलं त्यांनी शिजवलं. भाकरीला मात्र बाजरी घ्यायची सोडून त्यांनी ज्वारीचा डबा उघडला, कारण सिंधूला लहानपणापासून बाजरी सोसत नव्हती. नवसाबाईला आपल्याच हातांचा असा संताप आला की तिनं भाकरी तव्यावर आपटली.

“मी जाते घेऊन,” ती म्हणाली.

कारभारी दारातच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. “तू नको. लोकं काय म्हणतील? तू फक्त रांधून दे, मी आन् वत्सला नेतो.”

“लोकं काय म्हणतील?” नवसाबाई त्याच्यापुढं आली. “दादा, नवरा मेला माझा! त्याचं तोंड पाहू दिलं नाय, निदान त्याचा उंबरा तरी पाहू दे!”

“मी नाय म्हनतो ना!” कारभारी गरजला आणि बैल जुंपायला परसात गेला. त्यानं एवढं भ्यावं कशाला, हे तिला कळेना. पण आठ वर्षांत भावाचा शब्द न मोडलेल्या त्या बाईनं टोपली डोक्यावर घेतली, पुढच्या दारानं बाहेर पडली, आणि भाजी विकून गिरणाऱ्याला परतणाऱ्या एका बैलगाडीत जाऊन बसली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती त्या अंगणात पोचली. ओटीवर चार बाया बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या बयाबाईंनी कपाळावर हात धरून पाहिलं, ओळखलं, आणि टोपली पाहून त्या एकदम खेकसल्या, “अगं, तू आणलंस? चुलीला शिवलीस तू? काही रीतभात हाय का नाय?”

नवसाबाईनं टोपली घट्ट धरली. हाकलतात की काय आता?

“कडू घास बाहेरच्यानं आणायचा असतो, बये!” म्हातारीचा आवाज फुटला. “तू घरची. या घरची थोरली तू! तुला सुतक हाय. तू आणायचं नसतं… तुला भरवायचं असतं गं!”

घरची! आठ वर्षांत हा शब्द तिच्या कानावर पडला नव्हता, आणि पडला तो रागावलेल्या परक्या म्हातारीच्या तोंडून! तिच्या डोक्यावरची टोपली बयाबाईंनीच उतरवून घेतली. काल परसात न आलेलं रडू आता आवरेना.

तोच आतून सिंधू आली. पांढरं कपाळ, सुजलेले डोळे… पण त्या डोळ्यांत पाणी नव्हतं, अंगार होता.

“आता आलीस, आक्का? दुपार टळेस्तोवर मयत ठेवली होती तुझ्यासाठी! पहाटेच माणूस धाडला होता!”

“माणूस? कुठं धाडला?”

“तुमच्या मळ्यात! दादा आला, आन् सगळ्यांच्या देखत म्हनाला, ‘नवसा येत नाय, तिला त्याचं तोंड पाहायचं नाय.’ एवढं वैर, आक्का? मग मला इथं धाडलंस तरी कशाला?”

“मी धाडलं?… तुला?”

“तूच ना! ‘आक्कानं सांगितलंय, माझी कूस उजवायची नाय, माझ्या जागी माझी बहीणच जाऊ दे,’ असं दादा मामाच्या घरी येऊन मला म्हनाला होता; मी तेव्हा तिथंच राहत होते. तू सांगितलंस म्हणून मी बोहल्यावर उभी राहिले. आन् तू पुन्हा तोंडसुद्धा दाखवलं नाहीस!”

नवसाबाईनं भिंत धरली. ज्याचं अन्न आपण आठ वर्षं उपकाराचं म्हणून गिळलं, ज्याची गुरं-ढोरं, खुरपणी, चूल सगळं अंगावर घेतलं, त्या पाठीराख्यानं दोघी बहिणींना दोन तोंडांनी विकलं होतं! गिरणाऱ्याची सोयरीक तुटली नाही, आणि फुकटात राबणारं माणूसही घरात राहिलं…

“आन् हे?” ती कशीबशी म्हणाली. “यांना पाय नव्हते? मला येऊन विचारता आलं नाय?”

“आले होते. पहिल्या दिवाळीला. दादानं दारातून परतवलं.”

“एकदाच?”

सिंधूनं मान खाली घातली. “एकदाच.”

त्या एका शब्दाचं दुःख वेगळंच होतं. ते कुणी वाटून घेण्यासारखं नव्हतं.

“आई, हीच का गं आपली थोरली आई?” सिंधूची पाच वर्षांची लेक दाराआडून म्हणाली. आणि मग मात्र दोघींचा बांध फुटला. “आक्का गं!” म्हणून सिंधूनं जी मिठी घातली ती बयाबाईंनी सोडवावी तेव्हा सुटली. म्हातारीनं स्वतःच्या घरून पिठलं-भाकरीची ताटली आणली, दोघींना शेजारी-शेजारी बसवलं, आणि आधी थोरलीच्या तोंडात घास घातला. पोरीनं तेवढ्यात टोपलीतली ज्वारीची भाकरी काढून खायला सुरुवात केली होती. तिला कुणी अडवलं नाही.

कारभाऱ्याची गाडी अंगणात शिरली ती याच वेळी. दोघींना एका ताटलीत जेवताना पाहून तो पायरीखालीच थांबला. सगळं उमगलं होतं त्याला. तरीही त्याच्या तोंडून निघालं ते हेच, “नवसे, ऊठ. घरी चल. वत्सला एकटीनं काय काय बघंल? चूल खोळंबलीय.”

“मी घरीच हाय, दादा,” नवसाबाई शांतपणे म्हणाली. “मला सुतक हाय. मी कुणाच्या चुलीला शिवायची नाय.”

“माझं ऐक तरी… चुकलं माझं. मी तुमच्या भल्यासाठीच…”

“आता काही सांगू नको. दहाव्याला ये. विधवेला माहेरचं लुगडं आणायची रीत हाय, ती तू मोडायचा नाहीस.” तिनं सिंधूचा हात आपल्या हातात घेतला. “फक्त येताना दोन आण, दादा.”