बर्फावरची होडी

पांढऱ्या वाळूचा किनारा. चपला काढून चाला, असं पाटीवर लिहिलंय.

कापलेली नखं वाऱ्यावर टाकायची नसतात.

सूर्यास्ताची टेकडी. तिथे माझ्या आजोबांचा भाजीचा मळा होता. आता बाकडी आहेत.

कोळंबीचा वास हाताला धरला की लिंबानेही जात नाही.

समुद्री लोकांचं गाव. म्हणजे आम्ही. अर्धा तास पुरे, फोटो काढलेले चालतात.

वारा पडला की आधी कुत्री गप्प होतात.

हे सगळं खरं आहे. ज्याला करमणूक हवी असेल त्याने इथेच थांबावं. जे घडलं ते रात्री नाही, भर दुपारी घडलं. दक्षिण थायलंडच्या एका बेटावर, हॉटेलच्या जेवणघरात, माणसं जेवत असताना. बेटाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हीही बघायला याल.

आमच्यात सहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला होडी सोडतात. हलक्या लाकडाची, माणसाएवढी लांब. गावातल्या प्रत्येकाची एक लाकडी बाहुली तिच्यात ठेवायची. बाहुलीपाशी त्या माणसाची नखं, केसांची बट, मूठभर लाह्या. वर्षभराची दुखणी होडीत चढतात. पहाटे ती खोल पाण्यात ओढून न्यायची, दोर कापायचा आणि माघारी फिरायचं. वळून बघायचं नाही.

होडी परत आली तर...

दुखणीही परत येतात.

त्या वर्षी माझ्या बायकोला, मीदाला, ढास लागली होती. दोन आखूड खोकले, मग शीळ वाजावी तसा लांब श्वास. सरकारी दवाखान्यातून औषधं आणली, तोंडात मारायचा पंप आणला. उपयोग शून्य. भिंतीला टेकून, बसल्याबसल्या झोपायची.

होडी गेली त्या सकाळी ती उठली. स्वतः मासे साफ केले. मग माझ्यावर घसरली.

"काय उकिरडा केलाय घराचा! मी मेले असते तर असेच राहिला असता ना?"

इतकं हसलो मी, शेजारीण डोकावून गेली.

आठ दिवस असे गेले. मग एका दुपारी, भात वाढता वाढता...

दोन आखूड.

एक लांब.

तिच्या हातातला डाव खाली पडला.

आमचे भगत, दुराककाका, पलीकडेच राहतात. आले ते मीदाकडे बघितलंच नाही. समुद्राकडे बघत म्हणाले, "होडी कुठंय रे?"

"गेली की, काका. मीच दोर कापला."

"गेली नाही. आलीय परत. शोध."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळा किनारा पालथा घातला. शेवटी हॉटेलात भांडी घासणारी आमच्याच गावची बाई म्हणाली, "होडी ना? जेवणघरात आहे. तुझ्या मेहुण्याने आणली. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

मेहुणा म्हणजे सानित. मीदाचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. हॉटेलच्या पाहुण्यांना बेट दाखवत फिरतो.

माझं डोकं फिरलं.

जेवणघराच्या मधोमध होती ती. आत फोडलेला बर्फ. बर्फावर कोळंबी, शिंपले, अननसाच्या फोडी. आणि काठावर ओळीने आमच्या बाहुल्या. माझी, मीदाची, दुराककाकांची. प्रत्येकीच्या डोक्यात काडी खुपसून वर लिंबाची चकती.

लोक ताटं घेऊन रांगेत उभे होते.

"सानित!"

"दाजी, ओरडू नका हो. पाहुणे आहेत."

"पाहुणे गेले खड्ड्यात! ही इथे कशी?"

"बाहेरच्या पाण्यात भटकत होती. ओढून आणली. मॅनेजर जाम खूश आहेत. बघा ना, किती झकास दिसते."

"आतले केस? नखं?"

"झाडून टाकली. जेवणात केस कसे चालतील?" तो हसला. "दाजी, लाकूड आहे हो ते. नुसतं लाकूड."

"तुझी बहीण घरी निळी पडलीय."

"काहीतरीच! परवा तर भर बाजारात मला शिव्या घातल्या तिने. ठणठणीत होती."

"परवा होडी इथे होती?"

"नाही... काल आणली."

आणि तेव्हाच... आवाज गेला.

लोकांची तोंडं हलत होती. काटे-चमचे हलत होते. कोपऱ्यातला माणूस गिटार वाजवत होता. पण आवाज कसलाच नव्हता.

मग बर्फाखालून...

दोन आखूड.

एक लांब.

कोळंबीचा ढीग हळूच वर उचलला गेला... आणि खाली बसला.

छाती बसावी तसा.

"ताई?" सानित म्हणाला. होडीला म्हणाला.

मी दोन्ही हातांनी बर्फ उपसायला लागलो. सगळा आवाज एकदम परत आला. मॅनेजर किंचाळत होता, "कोण आहे हा? बाहेर काढा याला!" बर्फाखाली काही नव्हतं. ओलं लाकूड. फरशीभर कोळंबी झाली.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच. एकाने तर फोटोसाठी मला हाताने खुणावलं, जरा तोंड इकडे कर म्हणून. माझी बायको मरत होती आणि त्याला माझं तोंड उजेडात हवं होतं!

"साहेब, बाजूला व्हा," सानित मॅनेजरला म्हणाला. इतकं हळू की मॅनेजर खरंच बाजूला झाला.

दोघांनी होडी उचलून माझ्या बोटीला बांधली. बाहुल्या आत ठेवल्या. पण केस नव्हते, नखं नव्हती. गावात जाऊन आणायला वेळ नव्हता.

सानितने सुरी घेतली. स्वतःच्या केसांची बट कापली आणि मीदाच्या बाहुलीला बांधली.

"एकाच आईचे आहोत," तो म्हणाला. "चालेल."

निघालो. वारा नव्हता. इंजिनाच्या आवाजातही मागून ते येत होतं. दोन आखूड, एक लांब.

"वळू नकोस," मी म्हटलं.

"नाही वळत."

मग ते थांबलं.

इंजिनही थांबलं. मी हात लावला नव्हता.

आणि मागून, अगदी जवळून, मीदाच्या आवाजात...

"सानित... जेवलास का रे?"

तो वळला.

मी न बघता चाचपडत दोर कापला. इंजिन आपोआप सुरू झालं.

"काय दिसलं?"

तो बोलला नाही. किनाऱ्यापर्यंत नाही. त्यानंतरही नाही.

घरी मीदा सपाट झोपली होती. श्वास शांत. त्या दिवसापासून तिला साधी शिंकही आलेली नाही.

सानित दुसऱ्याच दिवशी मुख्य भूमीवर निघून गेला. फोन केला तर उचलतो. "हॅलो" म्हणत नाही. मी बोलत राहतो, तो ऐकत राहतो, आणि ठेवायच्या जरा आधी...

ऐकू येतं. मोजायची गरज पडत नाही.

हॉटेलने नवी होडी करून घेतलीय. बाहुल्याही. बेटावर पाहण्यासारखं काय काय, त्यात ती वरच्या नंबरावर आहे. लोक बर्फातून कोळंबी उचलतात आणि छान छान म्हणतात. एक दिवस मी ते जेवणघर पेटवीन. हे ज्याला सांगायचं त्याला खुशाल सांगा.

मीदा रोज विचारते, "अहो, पोराला घरी आणा ना. रुसलाय का?"

"येईल," मी म्हणतो.

दुराककाकांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली होती.

"त्याला परत येऊ देऊ नकोस."

तिला हे कसं सांगू? तिच्याच भावाला मी किनाऱ्याला लागू देत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

सानित चार वर्षांचा असताना त्याला अशीच ढास होती. होडी सोडायच्या दिवशी त्याचे केस फार आखूड होते, म्हणून मीदाने आपली बट कापून त्याच्या बाहुलीला बांधली. ढास त्याची गेली, तिच्या नावावर राहिली.