चानकीचा काठ

डब्यातले सोने रतीभरही घटले नव्हते. तरी त्याच डब्यापायी ओजलचा धाकटा भाऊ रुचिर तीन दिवस इस्पितळात बेशुद्ध पडला होता. हे कसे घडले?

घुगरी गावाखाली कोळशाचे थर साठ वर्षे धुमसत होते. भेगांतून कार्बन मोनॉक्साईड (रंग-गंध नसलेला विषारी वायू) झिरपे. म्हणून प्रत्येक वर्गात एक डबा असे. त्यातली सोन्याच्या कणांची भुकटी त्या विषाचा तुलनेने निरुपद्रवी कार्बन डायऑक्साईड करी. रुचिरच्या वर्गातला डबा दुरुस्तीहून परतला आणि दुसऱ्याच दिवशी अकरा मुले कोसळली. उद्या सकाळी असेच चाळीस डबे बाकीच्या वर्गांत बसणार होते.

"वजन चोख आहे," भांडारप्रमुख हिरुळकर प्रयोगशाळेत म्हणाले. "मुलांनीच काहीतरी चाळा केला असेल." बेशुद्ध मुले उलट उत्तर देत नाहीत, ही सोय त्यांच्या तर्काच्या पथ्यावर पडली होती.

ओजलच्या आबाजींनी, डॉ. ठमक्यांनी, भुकटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पडद्याकडे पाहून ओजल चमकली.

"आबाजी, पूर्वीच्या चित्रात सोन्याचे कण मोहरीसारखे दिसायचे. हे तर लिंबाएवढे गोळे!"

"कुणीतरी भाजलंय हे."

"भाजलं काय म्हणता, डॉक्टर? निर्जंतुक केलं," हिरुळकर दुखावले. "श्वसनोपकरण परत आलं की आठशे अंशांच्या भट्टीत. नियमच आहे."

तो नियम साथीच्या काळात इस्पितळातल्या पोलादी नळ्यांसाठी झाला होता. पुढे कुण्या कारकुनाने वहीत डब्यालाही 'श्वसनोपकरण' लिहिले. शब्द सुंदर होता. कुणी शंका घेतली नाही.

"पण सोनं तर तेवढंच आहे ना?" ओजलने विचारले.

"तुझी आई एका भाकरीच्या पिठात दहा चानक्या (मुलांसाठी थापलेल्या इवल्या भाकऱ्या) करते. काठ कशाला जास्त?"

"चानक्यांना."

"आपलं काम काठावरच चालतं, बाई. विषारी वायू सोन्यावर येऊन बसतो. ज्यावर सोन्याचे कण बसवलेत त्या ऑक्साईडच्या थरापाशी प्राणवायू सुटा व्हायला तयार होतो. सोनं आणि थर जिथे भेटतात त्या आंतरपृष्ठावर (दोन पदार्थांच्या सीमेवर) दोघांची गाठ पडते. सोनं खर्च होत नाही, फक्त गाठ घालून देतं. म्हणून ते उत्प्रेरक. कण तीन नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असला की काठच काठ. तापवलं की कण सरकतात, एकमेकांत मिसळतात. वजन शाबूत, काठ नाहीसा."

ओजल पडद्यावरच्या गोळ्यांकडे वळली. "मग कण सरकूच नयेत, असं नाही करता येत?"

"येतं की. थराच्या पृष्ठभागावर मुद्दाम अणूंएवढ्या खळग्या ठेवायच्या. कण त्यांत रुतून बसतो. वीस वर्षांपूर्वी मी लिहून दिलं होतं. डब्यांच्या समितीने शेरा मारला: पृष्ठभाग गुळगुळीत असावा."

हिरुळकर खाकरले. "ते असो. उद्याचे डबे थांबवायचे तर समितीची बैठक लागेल. पंधरा दिवस तरी."

"मग काका, त्यातला एक डबा आत्ताच तुमच्या खोलीत लावू," ओजल म्हणाली. "दार लावून बसाल आत?"

बैठक दहा मिनिटांत झाली. डबे थांबले, शाळा बंद झाली. यापुढे काठाचेही वजन करावे, असा ठरावही समितीने न विसरता केला.

संध्याकाळी आबाजी खळग्यांची भुकटी करायला बसले. ओजल काचेच्या दांडीने द्रावण ढवळत होती, तेवढ्यात इस्पितळातून आईचा फोन आला. रुचिरने डोळे उघडले होते. आईला त्याने ओळखले; स्वतःचे नाव मात्र त्याला आठवत नव्हते.

आबाजींनी हात पुढे केला. "दे ती दांडी. तू जा."

ओजलने दांडी सोडली नाही. थेंब सोडायला एक आणि ढवळायला एक, असे दोघे लागत; ढवळणे आता थांबले तर कण एकमेकांना चिकटतील, हे तिला ठाऊक होते. आणि तिच्या भावाबरोबर कोसळलेली दहा मुले अजून शाळेत परतायची होती.

"एवढं होऊ द्या," ती म्हणाली. "मग जाते. नाव मी सांगेन त्याला. रोज सांगेन."