पाठमोरा ठिपका

हे जसं घडलं तसं लिहितेय. पदरचं काही घातलेलं नाही. कोणाला पटलं नाही तर वाद घालायला मी येणार नाही, कारण मलाही ते पटलेलं नाही.

याच एप्रिलची गोष्ट. मंगळवार, सकाळचे साडेसहा. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात, सर्वांत वरच्या धारेवर मी एकटी होते.

बाबा निसर्गाचे फोटो काढायचे. दर वसंतात याच धारेवर, याच चपट्या दगडापाशी ट्रायपॉड लावून एकच चौकट. पुढे पिवळ्या फुलांचं पठार, त्यापलीकडे न वितळलेल्या बर्फाचा पट्टा, मागे शिखर. अशी चोवीस वर्षं. जानेवारीत ते गेले. पंचविसावा फोटो मी काढायचं ठरवलं.

डोंगर केवढा आहे हे कळायला फोटोत एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मी, नऊ वर्षांची होते तेव्हापासून. लाल जाकीट, पाठमोरी, नखाएवढी. म्हणून बाबा मला ‘ठिपक्या’ म्हणायचे.

खुणा शिट्टीच्या. एक शिट्टी, थांब. दोन, अजून पुढे. एक लांबलचक, झालं, ये.

आणि लांब शिट्टी येईपर्यंत मागे वळायचं नाही.

“चेहरा दिसला की लोक डोंगर बघत नाहीत, ठिपक्या.”

आईला हे कधीच आवडलं नाही. “फोटो चांगला येणार असेल तर हा माणूस पोरीला कड्यावरून ढकलेल,” ती म्हणायची.

“आधी उजेड बघेन,” बाबा म्हणायचे. “मग ढकलेन.”

आम्ही हसायचो.

पण अकराव्या वर्षी मी तिथे घसरून पडले होते. मनगट मोडलं. बाबा धावत आले, उचलून घेतलं, खालपर्यंत पाठीवर आणलं. सगळं खरं. पण त्याआधी मला क्लिक ऐकू आलं होतं.

आधी क्लिक. मग पावलं.

त्याबद्दल मी त्यांना कधीच विचारलं नाही. दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस मी त्यांच्या उशाशी होते, तेव्हाही नाही.

त्या सकाळी मी दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असा कॅमेरा लावला. लाल जाकीट चढवलं. चालू लागले.

पाखरं ओरडत होती. खाली ओढा वाहत होता. दरीतून धुकं वर येत होतं. फुलांमधल्या नेहमीच्या जागी पोचले आणि पाठमोरी उभी राहिले.

थोड्या वेळानं लक्षात आलं...

ओढा ऐकू येत नव्हता.

मग पाखरंही थांबली. वारा नव्हताच.

आणि मग... दोन शिट्ट्या.

बाबांच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. त्यामुळे शिट्टीआधी थोडी हवा निसटायची. ती हवासुद्धा ऐकू आली.

घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं.

मी पुढे गेले.

फुलं संपली. पायाखाली बर्फ करकरू लागला. इतक्या पुढे मी कधीच आले नव्हते. थांबले.

पुन्हा... दोन शिट्ट्या.

चार पावलं. पाच. बर्फाचा आवाज बदलला. करकर गेली, रिकाम्या पिंपावर चालावं तसं घुमू लागलं.

पुन्हा दोन.

मी पाय उचलला...

आणि मागे धाडकन काहीतरी आदळलं. दगडावर लोखंड.

कॅमेरा! मी वळले. आयुष्यात पहिल्यांदा, लांब शिट्टी आलेली नसताना वळले.

ट्रायपॉड आडवा पडला होता. जवळ कोणी नव्हतं. पायवाटेवरून मात्र एक वनरक्षक बाई हातातली काठी उंचावत, ओरडत पळत येत होत्या.

“अहो ताई, हलू नका! आल्या पावलांवरून परत या! हळू!”

मी आले. त्या धापा टाकत होत्या, संतापल्याही होत्या.

“जीव नकोसा झालाय का? आणि तुमच्याबरोबरचे गृहस्थ कुठे गेले?”

“मी एकटीच आहे.”

“काहीतरीच काय! आत्ता कॅमेऱ्यापाशी होते की. दोन्ही हात हलवून नको नको करत होते. मग तुमच्याकडे धावले, त्यांचाच पाय लागून हे पडलं. वयस्कर होते. दम लागला असेल, बघा कुठे बसलेत का.”

आम्ही बघितलं. चपटा दगड. फुलं. फुलांमधून पुढे गेलेली एकच पायवाट, माझी.

बाईंनी मग मला आणखी एक गोष्ट दाखवली. मी जिथवर गेले होते, त्याच्या बऱ्याच अलीकडे उभं राहून त्यांनी काठी बर्फात खुपसली. काठी आरपार गेली. बाहेर काढली तर त्या भोकातून खाली दरीतली झाडं दिसत होती.

कडा केव्हाच मागे संपला होता. पुढे नुसता बर्फाचा सज्जा होता.

“शिट्टी तुम्ही ऐकलीत ना?” मी विचारलं.

“कसली शिट्टी?”

त्या दिवशी गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. चोवीस वर्षं बाबांची शिट्टी माझ्या मागून यायची. कॅमेरा मागे असायचा, ते मागे असायचे.

ही शिट्टी समोरून आली होती. दरीकडून.

प्रतिध्वनी असेल. डोंगरात आवाज फसवतो. मी स्वतःला हे रोज सांगते.

घरी आईला फोटो दाखवले. एकोणचाळीस होते. ठिपका लहान लहान होत जातो, बर्फावर चढतो. अडतिसावा हललेला. एकोणचाळिसावा आडवा: गवत, दगड, अर्धं आभाळ. माणूस कुठेच नाही. त्यानंतर कॅमेरा बंद पडलेला.

आईनं तो हललेला फोटो खूप वेळ बघितला. वनरक्षक बाई काय म्हणाल्या ते मी तिला सांगितलं होतं.

“म्हणजे फोटो सोडून पळाला,” ती म्हणाली. तिला रडू फुटलं. “चांगला येत होता, तरी.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. विचारलं, “मग ती शिट्टी, आई?”

“ती त्याची नाही.”

इतकं चटकन म्हणाली. डोळे न पुसता, माझ्याकडे न बघता उठली आणि मागच्या खोलीची खिडकी लावून आली.

मी तिला अजून विचारलेलं नाही, की तिनं ती कधी ऐकली.