दुसऱ्या कंपनीचं कार्ड

जे. पी. नगरात नरसिंहरावांचं घड्याळांचं दुकान. शार्दूल त्यात शिरला तो केवळ सावलीला, बस चुकली म्हणून. काउंटरवर रावांची मुलगी अनुसूया, डोळ्याला भिंग लावून बसलेली. तिनं मान वर केली... भिंगाआडचा तो मोठ्ठा काळा डोळा पाहिला, आणि पुण्याहून या कानडी मुलखात आलेल्या कॉम्प्युटरवाल्यानं मनगटावरचं धडधाकट घड्याळ काढून दुरुस्तीला दिलं! काय म्हणावं अशा माणसाला?

"काय बिघडलंय?"

"तुम्हीच बघा ना... हल्ली फार जोरात पळतंय."

घड्याळाला दोऱ्यानं बांधायची चिठ्ठी त्यानंच भरली. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला आकडा असतो, दुकानात तेवढाच वाचायची रीत. मागे कोण बघतो?

मग तीन महिने दर शनिवारी स्वारी हजर. कधी पट्टा, कधी सेल.

"तुमचं घड्याळ केव्हाच झालंय हो."

"असू दे. घाई नाही."

तिनं हसू दाबायचं, त्यानं दारातून वळून बघायचं. शनिवारी वेणीत मोगरा कुणासाठी यायचा, ते काय सांगायला हवं?

नव्याण्णव साल होतं. रावांनी घड्याळांशेजारी जुने मोबाइलही मांडले होते. एका शनिवारी शार्दूल धापा टाकतच आला. त्याचा फोन हॉटेलात सांबाराच्या बादलीत पडला होता. लंडनहून आलेल्या मित्राचा वापरलेला फोन त्यानं घेतला, आपलं सिमकार्ड त्यात घातलं, तर फोन ते घेईचना.

"तिकडच्या कंपनीनं कुलूप घातलंय," अनुसूया म्हणाली. "मोबाइल दुरुस्तीवाले कृष्णमूर्ती अण्णा आकडे सांगतात, ते दाबले की उघडतं. मग तुमचंच कार्ड चालेल. स्वल्प थांबा." तिनं दुकानाच्या फोनचा रिसीव्हर उचललासुद्धा.

"लवकर हं. माझ्या नंबरवर एकीचा फोन यायचाय."

"एकीचा?"

"तीन महिने वाट बघतोय. आज ना उद्या करेलच..."

रिसीव्हर खाली आपटला.

"सुंदर असेल."

"फार. पण तिखट!"

"मग बसा वाट बघत! या फोनला तुमच्या कंपनीचं कार्ड चालणारच नाही. दुसऱ्या कंपनीचं घ्या. नंबर नवा मिळेल."

धडधडीत खोटं! कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या तिच्या, पण शब्द काही मागे घेतला नाही.

"नंबर नाही बदलणार मी."

"सरी, बरं. नका बदलू!"

फोन तिथेच ठेवून तो गेला. तिनं तो ड्रॉवरमध्ये कोंडला, जशी काही ती सटवीच आत आहे. कोण असेल? ऑफिसातली असेल, केस कापलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी! आठवडाभर अनुसूया अशी धुमसली, की वडिलांच्या, अप्पांच्या चहात दोनदा मीठ पडलं. बिचाऱ्यांनी मुकाट्यानं प्यायला.

पुढच्या शनिवारी शार्दूल आला तो तोंड उतरवून.

"द्या दुसऱ्या कंपनीचं कार्ड. हरलो मी. आणि घड्याळही द्या... आता शहराच्या पार टोकाला, व्हाइटफील्डला राहायला जातोय. इकडे येणं व्हायचं नाही."

जिंकली होती ना ती? मग आनंद का होईना? मान खाली घालून ती चिठ्ठीची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. ओढाओढीत चिठ्ठी उलटली. मागे त्याचं अक्षर —

'घड्याळ झालं की भिंगवालीनं स्वतः फोन करावा. वाट बघतो.' खाली नंबर.

तिनं दोनदा वाचलं.

"चिठ्ठीच्या मागे कुणी लिहितं का?" ती कडाडली.

"मला काय माहीत! मला वाटलं, वाचूनही तुम्ही गप्प..."

"मी खोटं बोलले. तुमचं कार्ड चालतं या फोनला."

"मग 'नाही' का म्हणालात?"

"त्या बाईचा फोन येऊ नये म्हणून!"

तो बघतच राहिला... आणि मग असा हसला, की आतून अप्पा खोकले.

अनुसूयानं अण्णांना विचारून आकडे दाबले, त्याचं कार्ड नखानं सरकवलं. फोन उजळला. तिनं तो त्याच्या हातात कोंबला.

"बाहेर जा."

"अहो, पण —"

"जा म्हणते ना!"

तो फुटपाथवर जाऊन उभा राहिला. काचेआड ती, भिंग कपाळावर ढकललेलं, चिठ्ठी बघून एकेक आकडा फिरवताना. त्याच्या हातातला फोन वाजला.

"हॅलो?"

"घड्याळ झालंय," ती हळूच म्हणाली. "न्यायला ये... आणि शनिवारी पुन्हा बिघडवून आण."